भावाला परत कामावर घ्यायला कंपनी टाळाटाळ करतेय. सांगली-मिरज-कुपवाड भागात कोण मदत करतं?

स्नेहल_माधवनगर | सोमवार, रात्री ९:४२
नमस्कार. भाऊ दिवाळीपासून घरी बसून आहे. ट्रीटमेंट चालू आहे, आता चांगला आहे, डॉक्टरांनी काम करायला हरकत नाही म्हणून सांगितलंय. कंपनी नुसती आज या, उद्या या करायलीय. आपल्या भागात अशा पेशंटना काम मिळवून देणारी संस्था, ऑफिस, माणूस, काहीही असेल तर सांगा. "धीर धरा", "देवावर सोडा" असलं नको, ते घरात रोज ऐकतोय. काम पाहिजे.

जुना_फिटर | रात्री ९:५८
ताई, कसली ट्रीटमेंट? अपघात झालाय का? आधी कुठल्या मशीनवर होता, शिक्षण काय, वय काय? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

स्नेहल_माधवनगर | रात्री १०:०३
मानसिक आजाराची. हात-पाय ठणठणीत आहेत. वय २९, आयटीआय झालाय.

अण्णा_तासगाव | रात्री १०:२०
ताईसाहेब, दुसऱ्याच्या चाकरीची वाट बघू नका. भावाला घेऊन बेदाण्याच्या धंद्यात या. तासगावच्या सौद्यातनं माल उचलायचा, घरी निवडायचा, पाव-पाव किलोची पाकिटं करायची. साहेब नाही, पाळी नाही. दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचं कर्ज मिळतं, त्याची माहिती काढा. मी स्वतः असाच उभा राहिलो.

जुना_फिटर | रात्री १०:३१
अण्णा, बेदाण्याचा भाव एका पावसात कुठल्या कुठं जातो. आजारातनं नुकत्याच उठलेल्या पोराच्या डोक्यावर कर्ज कशाला घालताय? पगाराचा माणूस आहे तो.

मिरजेची_परिचारिका | रात्री १०:४५
आजाराचं नाव आणि गोळ्या कुठल्या, ते सांगा. त्यावर कुठलं काम चालेल ते ठरतं. आणि रात्रपाळी असते का?

सुखी_माणूस | रात्री ११:१०
माझं मनापासून सांगणं आहे, आधी त्या गोळ्या सोडवा. गोळ्यांनीच माणूस सुस्त होतो आणि काम होत नाही. पहाटे उठून प्राणायाम, गाईचं तूप, रात्री लवकर जेवण. आमच्या आळीतला एक मुलगा पूर्ण बरा झाला.

मिरजेची_परिचारिका | रात्री ११:१४
सुखी_माणूस, प्राणायाम सांगा, तूप सांगा, पण गोळ्या सोडा असं इथं लिहू नका. अचानक गोळ्या सोडून परत वॉर्डात आलेली माणसं आम्ही बघतो. गोळी कमी करायची तर ती डॉक्टरांनीच. ताई, हे वाचून काही बदल करू नका.

स्नेहल_माधवनगर | मंगळवार, सकाळी ७:३०
गोळ्या कोणी सोडवत नाही. बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं. गोळ्या लिथियम आणि रात्री झोपेआधी क्वेटियापिन. कुपवाड एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटर होता, चार वर्षं एकाच कंपनीत, पगार १८ हजार. तिन्ही पाळ्या फिरत्या. दिवाळीत सलग रात्रपाळी केली आणि तब्येत बिघडली. फिटनेस सर्टिफिकेट नेऊन दिलं तर म्हणाले, ट्रीटमेंटची सगळी फाईल आणा, मग बघू. फाईल द्यायची का नाही?

मिरजेची_परिचारिका | सकाळी ८:०५
आता कळलं. बायपोलरमध्ये झोप मोडली की आजार उलटायची भीती असते, त्यामुळे रात्रपाळी नको, हे पहिलं. दुसरं लिथियमचं. कामावर जायला लागला की घाम येणार, आणि चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये काय उकाडा असतो ते तुम्हाला माहीत आहे. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. म्हणून पाण्याची बाटली मशीनशेजारी, जेवणातलं मीठ एकदम कमी करायचं नाही, आणि अंग दुखलं म्हणून मेडिकलमधनं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घ्यायची नाही, त्यानंही लिथियम वाढतं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरायला लागले, जुलाब-उलट्या झाल्या, तोल जातोय असं वाटलं, बोलणं जड झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर. लिथियमची पातळी, थायरॉईड, क्रिएटिनिन (किडनीसाठी) या तपासण्या कामाच्या गडबडीत राहू देऊ नका. क्वेटियापिनची गुंगी सकाळी किती वेळ राहते तेही बघा. सात वाजता मशीनपुढं उभा राहिला आणि डोळे मिटत असतील तर गोळीची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या.

हिशेबनीस | सकाळी ९:१२
पगार १८ हजार म्हणजे ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) २१ हजारांच्या मर्यादेत. मग ईएसआय कापत असणार. पगाराची स्लिप बघा. राजीनामा दिलाय का? कशावर सही घेतलीय का? हे पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं होतं.

दिव्यांग_मित्र | सकाळी ९:४०
सगळ्यात आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत मानसिक आजार आहे. ४० टक्के मिळाले की ४ टक्के आरक्षण, एसटीत सवलत, आणि निरामय विमासुद्धा. जिल्हा रुग्णालयात बोर्ड बसतो, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर. बाकी सगळं नंतर.

हिशेबनीस | सकाळी ९:५५
दोन दुरुस्त्या. निरामय विमा राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्यातल्या चार गटांसाठी आहे: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. मानसिक आजार त्यात नाही. आणि ४ टक्के आरक्षण सरकारी नोकऱ्यांत आहे, कुपवाडच्या खासगी कारखान्यात नाही.

दिव्यांग_मित्र | सकाळी १०:०८
निरामयचं मान्य. पण प्रमाणपत्राचा आग्रह सोडणार नाही. माझ्या बहिणीला प्रमाणपत्रामुळेच संजय गांधी योजनेचा आधार मिळाला. कागद हातात असला की तहसीलदार ऐकतो.

ओटी_सातारा | सकाळी ११:३०
मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे, मानसिक आजारातून सावरणाऱ्यांबरोबर काम करते. दिव्यांग_मित्र, तुमच्या बहिणीला उपयोग झाला याचा आनंद आहे. पण टक्केवारी ठरवताना आयडियाज मोजपट्टीवर स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम या चार गोष्टींतली अडचण मोजतात. गोळ्यांवर स्थिर असलेल्या, चार वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला ४० टक्के येतीलच असं नाही. आणि महिनोन्महिने अर्जाच्या मागं गेला तर तेवढा वेळ तो घरातच बसून राहील. तेच मला नको वाटतं.

आपल्याकडे "आधी पूर्ण बरा होऊ दे, मग काम" असं सगळे म्हणतात. उलट्या वाटेनं जाणारी एक पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेत उभी राहिली, आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) म्हणतात तिला. माणसाला काम करायचंय ना, मग त्याच्या आवडीचं खरं, पगाराचं काम लवकर शोधायचं आणि शिकवण, आधार कामावर असताना द्यायचा. वर्षभर मेणबत्त्या करायला बसवून "तयारी" करून घ्यायची नाही. खरी मेहनत कामावर घेतल्यानंतर सुरू होते. पहिल्या महिन्यात कोण बोलतं, कोण टोमणा मारतं, डबा कोणाबरोबर खातो, पाळी बदलली का, हे दर आठवड्याला कुणीतरी विचारत राहायचं. बरेच जण मशीन येत नाही म्हणून काम सोडत नाहीत, जेवणाच्या सुट्टीत एकटे पडतात म्हणून सोडतात. आपल्या जिल्ह्यांत हे करणारी माणसं फार थोडी आहेत, म्हणून हा धागा बघून लिहायला बसले.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचार तज्ज्ञाबरोबर सामाजिक कार्यकर्त्याचं पदही असतं. सांगलीच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात जाऊन त्यांना भेटा आणि "कंपनीशी बोलायला मदत कराल का" असं थेट विचारा.

आणि भावाला स्वतःला काय करायचंय?

वारणाकाठ | दुपारी १२:१५
मला वाटतं मशीनपेक्षा हाताचं निवांत काम बरं. मिरजेत सतारमेकरांकडं ठेवा. मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, ते कापणं, तासणं, तारा लावणं, मन आपोआप शांत होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, मागणी वाढेल.

जुना_फिटर | दुपारी १२:४०
त्या घराण्यांत पोरं लहानपणापासून शिकतात. २९ व्या वर्षी जाऊन पगार कधी मिळणार? हातात सीएनसीचं कसब आहे, ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) घालता येतो, ड्रॉइंग वाचता येतं. असा ऑपरेटर कुपवाडला शोधून मिळत नाही, कंपनीला हे माहीत आहे. माझा अनुभव सांगतो, एचआरशी डोकं लावू नका, शॉपफ्लोअरच्या सुपरवायझरला गाठा. काम त्याला करून घ्यायचं असतं.

पाटण_खोरे | दुपारी १:०५
माफ करा, मधेच विचारते. माझा मुलगा दारू पितो, चिडतो, कामावर टिकत नाही. हे पण मानसिक आजारात येतं का? साताऱ्यात कुठं जाऊ?

ओटी_सातारा | दुपारी १:२०
ताई, येतं. व्यसनमुक्तीसाठी साताऱ्यात परिवर्तन संस्था आहे. मुलगा यायला तयार नसला तरी तुम्ही एकट्या जाऊन बोलू शकता. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर लिहिते.

एक_शुभार्थी | दुपारी ३:५०
मलाही हाच आजार आहे. नाव लिहीत नाही. पुण्याला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात बसायला लागल्यापासून मी शुभार्थी (आजार असलेला) आणि आई शुभंकर (सांभाळणारी) असं म्हणायला शिकलो. तिथं जायला जमत असेल तर भावाला एकदा घेऊन जा, आपल्यासारखी कामावर जाणारी माणसं दिसतात.

मला एक सांगायचंय. मी परत कामाला लागलो तेव्हा घरचे रोज संध्याकाळी चेहरा बघायचे. जरा जास्त बोललो की "गोळी घेतलीस का?" सुपरवायझर ओरडला म्हणून चिडलो तरी आजारच. त्याचा कामापेक्षा जास्त शीण यायचा. शेवटी आईशी ठरवून घेतलं: झोप कमी झाली, पैसे उधळायला लागलो किंवा रात्री फोन करत सुटलो, तर या तीन गोष्टींवर बोलायचं, बाकी दिवस मला साधा माणूस समजायचं. तुमच्या घरात असं काही ठरवा. आणि ओटी ताईंनी विचारलंय त्याचं उत्तर द्या. त्याला विचारलंय का?

स्नेहल_माधवनगर | सायंकाळी ६:१०
विचारलंय. पहिल्या दिवसापासून तो एकच म्हणतोय, मला माझं मशीन पाहिजे. बेदाणा नको, सतार नको. म्हणून तर इथं आले. आईला वाटतं घरीच बरा आहे, मला तसं वाटत नाही. दिवसभर पलंगावर पडून छताकडं बघणारा माणूस मला बरा दिसत नाही.

राजीनामा दिलेला नाही. एचआरने एक कोरा अर्ज दिला होता, "नंतर भरू, सही करून ठेवा" म्हणाले. त्यानं सही केली नाही, घरी आणला. स्लिपवर ईएसआय कापलेलं आहे. फाईलचं कोणी सांगितलं नाही अजून.

हिशेबनीस | सायंकाळी ६:३५
कोऱ्या कागदावर सही नाही, हे भावानं उत्तम केलं. आता ऐका.

फाईल द्यायची नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३, आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क पेशंटचा आहे. कंपनीला हवंय ते कामास योग्य असल्याचं सर्टिफिकेट, त्यावर निदान लिहायलाच पाहिजे असं नाही.

ईएसआयचं: साधा आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. लांबणाऱ्या आजारांची वेगळी यादी आहे, तिच्यात सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार) आहे, त्यात ८० टक्के आणि दोन वर्षांपर्यंत. सलग दोन वर्षं नोकरी लागते, भावाची चार आहेत. बायपोलर त्यात कसा बसेल ते ईएसआयच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. दिवाळीपासूनचे उपचाराचे कागद तारखेनुसार लावून न्या. आणि हा लाभ चालू असताना सहसा कामावरून काढता येत नाही.

दिव्यांग_मित्र | सायंकाळी ६:५०
प्रमाणपत्र असतं तर कंपनीला वाजवी सोयी मागता आल्या असत्या, एवढंच परत सांगतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत ७५ हजारांची वजावटपण मिळते.

हिशेबनीस | सायंकाळी ६:५४
१८ हजार पगारावर आयकर कुठला भरायचाय?

ओटी_सातारा | रात्री ८:१५
भांडू नका, पुढं कधी लागलं तर प्रमाणपत्राचा रस्ता आहेच. स्नेहल, डॉक्टरांकडून दुसरं सर्टिफिकेट घ्या. त्यात दोनच गोष्टी: कामास योग्य, आणि वैद्यकीय कारणासाठी रात्रपाळी देऊ नये. आजाराचं नाव नाही. पहिला महिना जनरल शिफ्ट मागा. जुना_फिटर म्हणतात ते बरोबर आहे, सुपरवायझरला आधी भेटा, पण एचआरला जे द्याल ते लेखीच द्या.

स्नेहल_माधवनगर | बुधवार, सकाळी १०:२०
डॉक्टरांनी लगेच लिहून दिलं. सुपरवायझर फोनवर म्हणाला, माणूस चांगला आहे, मला पाहिजे, पण वरून सांगायला पाहिजे. एचआरला द्यायचं पत्र भावानं स्वतः लिहिलंय, बघा:
"मी आजारी असल्यामुळे कामावर येऊ शकलो नाही. आता माझी तब्येत बरी आहे. तरी कृपया मला सहानुभूतीने कामावर घ्यावे ही विनंती. रात्रपाळी देऊ नये, डॉक्टरांचे सर्टिफिकेट जोडले आहे."

हिशेबनीस | सकाळी १०:४१
"सहानुभूतीने कामावर घ्यावे" काढा. नोकरी गेलेलीच नाही, मग परत घ्यायचा प्रश्न कुठं येतो? लिहा: "मी दि. ... पासून कामावर रुजू होण्यास तयार आहे. कृपया पाळी कळवावी." खाली कर्मचारी क्रमांक, ईएसआय क्रमांक. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह.

जुना_फिटर | सकाळी १०:५०
आणि भावाला सांगा, पहिल्या दिवशी जुनंच मशीन मागायचं, नवीन सेटअपवर लगेच जायचं नाही. डबा आमच्या फिटरांच्या टेबलावर खाल्ला तरी चालेल. कुठलं युनिट ते मला वेगळं कळवा, मी अजून कुपवाडलाच आहे.

स्नेहल_माधवनगर | सकाळी ११:३५
वाक्य बदललं. दादा, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात युनिट कळवलंय. उद्या सकाळी भाऊच पत्र घेऊन जाईल, मी गेटपर्यंत सोबत. शिक्का नाही दिला तर तिथूनच पोस्टात जातो. ईएसआयच्या दवाखान्यात शुक्रवारी.