केस चालू असताना मुलांना वडिलांकडे पाठवायलाच लागतं का?

गुहागरकर:
धाकटी बहीण गणपतीला माहेरी आली ती परत गेलीच नाही, सोबत दोन पोरं, मुलगी ८ ची नि मुलगा ४ चा. नवरा मुंबईत, हात उचलायचा, पोरांदेखत पण. आता त्याने वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात अर्ज टाकलाय की निकाल लागेपर्यंत दर शनिवार-रविवार मुलं माझ्याकडे द्या. पोरगी अजून कडी वाजली की आईच्या मागे जाऊन उभी राहते. आमची आई म्हणते पाठवायचंच नाही. काय करावं?

अॅड. चिपळूण:
दादा, नुसतं "नाही" लिहून देऊ नका. अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) अर्जावर पूर्ण साक्षीपुरावा होत नाही, जज प्रतिज्ञापत्र आणि कागद बघूनच ठरवतात, म्हणून कधी मारलं, तेव्हा मुलं कुठे होती ते तारखेसकट लिहा, दवाखान्याचे कागद, मेसेज सगळं जोडा. ताई माहेरी तात्पुरत्या राहत असल्या तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा अर्ज तिकडच्याच मॅजिस्ट्रेटकडे होतो. कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा मिळतो, आणि भेटीने मुलाचं नुकसान होईल असं वाटलं तर मॅजिस्ट्रेटने भेट नाकारायचीच असं त्यात स्पष्ट लिहिलंय. फक्त वांद्र्याची केस लपवू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

देवरुखची ताई:
मी यातून गेलेय म्हणून सांगते, भेट कशी हवी ते तुम्हीच लिहून द्या. माझ्या वेळी भेट कोर्टातच व्हायची, समुपदेशक बाई समोर बसलेल्या, रात्रीचा मुक्काम नाही, मधल्या दिवसांत ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल. आणि मुलांची देवाणघेवाण एसटी स्टँडवर अजिबात नको हो, गाडी सुटायला आलेली, चार लोक बघतायत, एक हात बापाच्या हातात नि दप्तर माझ्या, पोर तिथेच रडायला लागलं. तिसरं माणूस मध्ये असू दे, दोघांना चालेल असं.

राजापूरचा काका:
माझ्या भाच्यावर खोटा आरोप झाला होता, पोराचं तोंड बघायला मिळेना. म्हणून देखरेखीखालची भेट मला पटते, आरोप खरा असला तर पोर सुरक्षित, खोटा असला तर बापाचं नातं तुटत नाही. पण ऑर्डर झाली की पाळा, नाही पटली तर कोर्टातून बदलून घ्या, स्वतःच्या मनाने मुलं अडवून ठेवलीत तर तेच तुमच्या विरुद्ध जाईल.

गुहागरकर:
बहिणीला सगळं वाचून दाखवलं. सोमवारी त्या हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जातोय. जज पोरीला विचारतील काय? तिला आधी काही सांगून ठेवू?

अॅड. चिपळूण:
चेंबरमध्ये एकटीला बोलावून विचारू शकतात. पढवू मात्र नका, पाठ केलेलं बोलणं लगेच कळतं आणि मग तिचं खरं पण कोणी धरत नाही. "जे वाटतं ते बोल, कोणी रागावणार नाही" एवढंच सांगा. आणि सोमवारी डीआयआर (संरक्षण अधिकारी भरतात तो घरगुती हिंसेचा अहवाल) भरताना मुलांनी काय पाहिलं ते वेगळं लिहायला सांगा, बऱ्याचदा ते राहूनच जातं.