मदत हवी आहे: निफाडकडे तुरुमतीचं घरटं, आंबा वाचवायचा आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या मळ्याच्या सामाईक बांधावर जुना आंबा आहे. त्यावरच्या कावळ्याच्या जुन्या घरट्यात यंदा ससाण्याची जोडी आली आहे. डोकं-मान विटकरी, पाठ निळसर राखाडी, पोटावर बारीक काळ्या आडव्या रेघा, पाय पिवळेधमक, शेपटीच्या टोकाला रुंद काळा पट्टा आणि खाली पांढरी किनार. खरुची (दुसरा एक लहान ससाणा) नक्कीच नाही. तिची पाठ तांबूस असते आणि ती हवेत एका जागी पंख मारत थांबते. ही तुरुमतीच, म्हणजे लाल डोक्याचा ससाणा. मादी घरट्यावर बसून असते, नर शिकार आणतो. विजेच्या खांबावर बसून सोलतो, खाली चंडोलाची पिसं पडलेली असतात.

अडचण अशी की आंब्याच्या सावलीने द्राक्षाच्या कडेच्या ओळी मार खातात, म्हणून काका एप्रिलच्या खरड छाटणीआधी (द्राक्षवेलींच्या उन्हाळी छाटणीआधी) झाड काढायचं म्हणतात. त्यांचं नुकसान खोटं नाही. पण तुरुमतीची वीण साधारण जानेवारी ते मे. उबवणीलाच महिनाभर, पिल्लं उडायला पुढे आणखी महिना तरी. आत्ता झाड गेलं तर सगळंच गेलं.

हा पक्षी मुख्यतः भारतीय उपखंडातलाच, आणि जागतिक यादीत तो 'संकटसमीप' गटात आहे. त्याला दाट जंगल नको. मोकळं रान, शेती आणि मधूनमधून आंबा, पिंपळ, ताड असे उंच वृक्ष हवेत. स्वतः घरटं बांधत नाही, म्हणून जुनी झाडं आणि त्यांवरची कावळ्यांची घरटी टिकली तरच तो टिकणार. आपल्याकडे बांधावरचे आंबे भराभर कमी होत आहेत, याची मला खरी काळजी वाटते.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार घरट्याला हात लावणं गुन्हा आहे, हे माहीत आहे. पण घरात कायदा काढला की बोलणंच खुंटतं. काकांना पटवून द्यायचं आहे. म्हणून विचारतो:

तुरुमती असलेल्या बागेत द्राक्षं खाणाऱ्या पाखरांचा त्रास कमी झाल्याचा कुणाला अनुभव आहे का? काकांना हेच सगळ्यात आधी पटेल.

जूननंतर नुसत्या बागेकडच्या फांद्या उतरवल्या, तर जोडी पुढच्या वर्षी त्याच झाडावर येते का?

नांदूरमध्यमेश्वर किंवा येवल्याच्या ममदापूर माळावर कुणी वीण पाहिली असेल तर कोणत्या झाडावर, तेही सांगा.

गावाचं नाव आणि घरट्याचा फोटो मुद्दाम देत नाही. कृपया लवकर कळवा, काकांनी झाड तोडणाऱ्याशी बोलणं सुरू केलं आहे.