ग्युंटर ग्रास: सतराव्या वर्षाची चूक माफ, पण साठ वर्षांचं मौन?

चिंचबन: जर्मन कादंबरीकार ग्रास मला फार मोठे लेखक वाटतात, म्हणूनच धागा काढतोय. ऑगस्ट २००६ मध्ये, आत्मकथन बाजारात येण्याच्या तोंडावर, त्यांनी एका मुलाखतीत सांगितलं की महायुद्धाच्या शेवटी ते हिटलरच्या वाफेन-एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलात होते. तेव्हा वय सतरा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती १९८५ ची. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांना बिटबुर्गच्या जर्मन सैनिकांच्या दफनभूमीत घेऊन गेले, तिथे वाफेन-एसएसच्या सैनिकांच्याही कबरी होत्या. ग्रास यांनी त्यावर सडकून टीका केली. तेव्हा 'मीही त्यांच्यातलाच' एवढं तरी म्हणायचं! ते बोलले नोबेल मिळून सात वर्षं झाल्यावर.

पायवाट: अजिबात पटलं नाही. पंधराव्या वर्षी त्यांनी पाणबुडीसाठी नाव दिलं होतं, हे खरं. पण वाफेन-एसएसमध्ये ते गेले ते बोलावणं आलं म्हणून. एप्रिल १९४५ मध्ये जखमी झाले, मग अमेरिकनांच्या कैदेत. पुढे कुणी उघडं पाडलं नाही, स्वतःच बोलले. आणि त्यांची कादंबरी 'द टिन ड्रम' (१९५९) वाचलीत ना? नाझींच्या सभेत व्यासपीठाखाली दडून तिचा नायक ऑस्कर आपला पत्र्याचा ढोल वाजवतो, वादकांचा ताल फिरतो, आणि शिस्तीत उभी असलेली गर्दी चक्क नाचायला लागते. इतकं नेमकं लिहायला ती गर्दी आतून ठाऊक असावी लागते. मला तीच कबुली वाटते.

चिंचबन: कादंबरीत अपराध सगळ्या समाजाचा होतो, एकट्याच्या अंगाला काही लागत नाही. शिवाय अमेरिकनांच्या कैद्यांच्या कागदपत्रांत त्यांच्या नावापुढे वाफेन-एसएसची नोंद होतीच. आज ना उद्या कुणाच्या तरी हाती लागलीच असती.

रानजाई: रागवायचा पहिला हक्क पोलंडचा. ग्रास यांचं जन्मगाव डान्झिग म्हणजे आजचं ग्दान्स्क. तिथले लेख वावेंसा, पोलंडचे माजी अध्यक्ष, यांनी आधी मागणी केली की शहराचं मानद नागरिकत्व परत करा. मग ग्रास यांनी शहराच्या महापौरांना सविस्तर पत्र लिहिलं, ते वाचून वावेंसांनी मागणी मागे घेतली. ज्यांच्या देशावर ते युद्ध कोसळलं त्यांनी समजून घेतलं. आपण का ताणून धरायचं?

चिंचबन: वावेंसांचा मोठेपणा मान्य. पण ते पत्र मागणी झाल्यावर आलं. नागरिकत्व दिलं १९९३ मध्ये. ते द्यायचं की नाही हे ठरवण्याआधी ग्दान्स्कच्या लोकांना हे कळायलाच हवं होतं.