मदत हवी आहे: केमोच्या वेळी ताण मोजायचा फॉर्म नातेवाईकानेच भरला, आता काय करता येईल?

आईला (वय ६१) स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालंय, केमो चालू आहे. मागच्या वेळी डे-केअरमध्ये सलाईन लावायच्या आधी नर्सने एक कागद दिला. थर्मामीटरचं चित्र, खाली ०, वर १०. आज धरून गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्या आकड्याला गोल करायचा. बाजूला यादी: झोप, भीती, पैसे, घरच्यांशी संबंध, येण्याजाण्याची सोय.

पेन दादाच्या हातात. त्याने सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "आई, टेन्शन नाही ना?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" झालं, २ वर गोल. यादीत सगळीकडे 'नाही'. कागद फायलीत गेला.

घरी बाई रात्री तीनला उठून स्वयंपाकघरात दिवा न लावता बसते. केस गेल्यापासून दूधवाला आला तरी दारात जात नाही. मी वाचलं की ४ किंवा जास्त आकडा आला तर पुढे चौकशी करतात. म्हणजे २ वाल्याला कुणी विचारणारच नाही का? नेटवरचा पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) मी तिच्याकडून भरून घेतला, तर आकडा बराच वर गेला. पण त्यात थकवा, भूक, झोप आहे, आणि ती तर केमोनेही बिघडतात. नक्की काय धरायचं?

प्रतिसाद १
कॅन्सर वॉर्डात समुपदेशक आहे, म्हणून लिहिते. तो फॉर्म एकदाच भरायचा नसतो, पुढच्या खेपेला पुन्हा मागा. भरताना जवळ घरचं कुणी नको. आकडा कमी असला तरी तुम्ही हे जे इथे लिहिलंय तेच डॉक्टरांना सांगा, समुपदेशकाकडे पाठवायला तेवढं पुरतं. पीएचक्यू-९ बद्दलची शंका रास्त आहे. 'हॅड्स' नावाची १४ प्रश्नांची प्रश्नावली आहे, ७ चिंतेचे, ७ नैराश्याचे. शारीरिक आजारातली लक्षणं त्यात मुद्दाम टाळली आहेत. तिच्याबद्दल विचारा.

आणखी एक, उलटी होऊ नये म्हणून केमोबरोबर डेक्सामेथासोन देतात का बघा. त्याने झोप उडते. जागरण केमोनंतरच्या एकदोन रात्रीच असेल तर आधी ते सांगा. पण पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांच्या, तिने 'हो' म्हटलं असेल तर पुढच्या केमोची वाट पाहू नका. आजच डॉक्टरांना फोन करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

प्रतिसाद २
मनाची गोळी सुरू केलीच तर कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवून. पुढे टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) द्यायचं असेल तर पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन सहसा टाळतात.

धागाकर्ती
नवव्याला 'नाही' आहे, तेवढं बरं. बाकी पटलं. पण दादाला बाहेर कसं काढू? तो तिला क्षणभर सोडत नाही.

प्रतिसाद १
औषधांची चिठ्ठी द्या हातात. फार्मसीची रांग तासाभराच्या आत संपलेली मी तरी पाहिली नाही.