अक्षता पडायला लागल्या की भटजींचा माईक गप! माणसं सिग्नल अडवतात का?

मांडववाला_कळंबा
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात लग्नाचं साऊंड लावतो, चौदा वर्षं झाली. यंदा वायरची कटकट नको म्हणून २.४ गिगाहर्ट्झचा कॉलर माईक घेतला. सकाळी रिकाम्या हॉलात चेक केला, शेवटच्या खुर्चीपर्यंत एक नंबर. पाहुणे येऊन बसले तरी चालू. पण शेवटच्या मंगलाष्टकाला सगळे उठून उभे राहिले, आणि "शुभ मंगल साव..." झालं की पुढं सगळं गप. वाजंत्रीवाले माझ्याकडं बघायलेत, वधूपिता माझ्याकडं बघायलाय, मी मिक्सरकडं. जेवणं सुरू झाल्यावर आपोआप ठीक. एकदा नाही, तीन लग्नांत हेच. सेल नवे होते. रिसीव्हर मागं मिक्सरशेजारी टेबलावर असतो. पोरं म्हणतात गर्दीच्या मोबाईलमुळं. कुणाला माहीत आहे का?

पेठेतला_बाळ्या
भावा, बॉक्सवर ५० मीटर रेंज लिहिलीय न्हवं? दुकानदाराला धर. नाहीतर तुझ्या पोरांचं बरोबर हाय. पाचशे माणसं, पाचशे मोबाईल, सगळ्यांचं वायफाय न् ब्लूटूथ त्याच २.४ वर.

जुना_ट्रान्समीटर
बाळ्या म्हणतो तो त्रास खराच असतो, पण इथं हिशेब जमत नाही. बसल्यावरही तेवढेच मोबाईल होते, तेव्हा माईक चालला. बदललं काय? माणसं उभी राहिली.

आपलं अंग निम्म्याहून जास्त पाणी, तेही खारट. २.४ गिगाहर्ट्झची लाट मांसात दोन-अडीच सेंटीमीटर शिरेपर्यंत तिची बरीचशी ताकद संपते, पलीकडे फारसं काही निघत नाही. शिवाय लाटेची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर. एवढ्या लाटेला माणसाचं धड म्हणजे भिंतच, वळसा घालून जाणं तिला जड जातं. आपल्या एफएमची लाट तीन मीटरची, ती माणसाला जुमानत नाही. जुने यूएचएफ माईक ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास, लाट अर्धा मीटर, म्हणून ते गर्दीत जास्त तग धरतात.

बॉक्सवरची ५० मीटर रेंज ही मोकळ्या मैदानातली. माणसं बसलेली असताना डोक्यांवरून वाट होती, उठल्यावर ती बुजली. आणि एक विचारतो, भटजींचा पॅक, म्हणजे माईकचा सिग्नल सोडणारी डबी, कुठं खोचलेला असतो?

मांडववाला_कळंबा
मागं, कमरेला, धोतराच्या आत. दिसू नये म्हणून.

जुना_ट्रान्समीटर
मग पहिली भिंत खुद्द भटजीच! घामेजल्या पाठीला अँटेना चिकटली की तिथंच निम्मा खेळ खलास.

राजारामपुरी_वायफाय
मायक्रोवेव्ह ओव्हनपण २.४५ वरच चालतो. ती पाण्याची खास फ्रिक्वेन्सी आहे म्हणून शोषली जाते, असं वाचलंय.

जुना_ट्रान्समीटर
तसं नाही. पाण्याचं २.४ शी काही खास नातं नाही, उलट त्याहून वर गेलं की ते आणखी जास्त शोषतं. २०२२ च्या लिलावात ५जी साठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही विकला गेला, तिथं लाट जेमतेम सेंटीमीटरभर. फोन धरलेला हातच आडवा येतो. ६० गिगाहर्ट्झला तर माणूस मध्ये उभा राहिला की सिग्नल हजारपट खाली जाऊ शकतो. मांडववाले, खात्री करायची तर गोडाऊनमध्येच करा. मोबाईल सगळे बाहेर ठेवा आणि रिसीव्हरसमोर माणूस उभा करा.

मांडववाला_कळंबा
केलं! आमच्या गल्लीतल्या तालमीतला एक पैलवान बोलावला, एकशे दहा किलो. साठ फुटांवर पॅक ठेवला, रिसीव्हरवर पाच काड्या. पैलवान समोर चिकटून उभा राहिला तशा दोन. आणखी तीन पोरं ओळीत उभी केली, आवाज तुटायला लागला. बाजूला सरकले की परत पाच. पैलवानाला वाटलं आपण काहीतरी मोडलं.

मग रविवारच्या लग्नात रिसीव्हर स्टेजच्या कोपऱ्यावर नेला, स्टॅन्डवर आठ फूट उंच, तिथून मिक्सरपर्यंत साधी वायर. म्हणजे वायर काही सुटली नाहीच. पॅक भटजींच्या उपरण्याखाली, पुढच्या बाजूला. अक्षता संपेपर्यंत एकदाही तुटला नाही. फक्त फोटोग्राफर कावलाय, प्रत्येक फोटोत स्टॅन्ड येतंय म्हणून.

पेठेतला_बाळ्या
झेंडूच्या माळा गुंडाळ की त्याला.

जुना_ट्रान्समीटर
खाली गुंडाळा, अँटेना मोकळी ठेवा. ओली फुलं म्हणजे परत पाणीच.