धोंडो नावाचा अर्थ काय? आजच्या मुलाला ठेवलं तर चालेल का?

देवरुखचा_मामा: मंडळी, भाच्याचं बारसं आलंय. बहिणीच्या सासरी पणजोबा धोंडो होते आणि सासरे म्हणतायत तेच नाव ठेवा, निदान पाळण्यातलं तरी. बहिणीला आवडलंय, पण जाऊ म्हणाली की धोंडा म्हणजे दगड, असलं नाव पोराला कोण ठेवतं, तेव्हापासून ती विचारात पडलीय. कुणी म्हणतं अधिक महिन्यात जन्मलेल्याला धोंडो म्हणायचे. नक्की काय ते जाणकारांनी सांगा प्लीज.

माजघर: जाऊबाई म्हणतात ते खरंय, धोंडो म्हणजे धोंडाच, पण ते नाव कुणी हिणवायला ठेवत नसे हो. ज्या घरात एक गेलं, दुसरं गेलं, मुलं जगतच नव्हती तिथे पुढच्याला मुद्दाम असं नाव द्यायचे की दृष्ट लागू नये, मृत्यूला वाटावं हा तर दगड, याला कशाला न्यायचं. दगडू, केरू, भिकू ही सगळी त्यातलीच. शंभरेक वर्षांपूर्वी आपल्याकडे हजारातली दोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जायची, त्यामुळे असं नाव घराघरात सापडतं. बंगाल्यांत तिनकडी, पाचकडी अशी नावं असायची, म्हणजे मूल तीन-पाच कवड्या देऊन विकत घेतलंय, आपलं नाहीच असं दाखवायचं. मला तर या नावात त्या आईची धडपडच दिसते.

कर्वे_रोडवाला: आणि धोंडो केशव कर्वे विसरलात का! जन्म १८५८, १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं, १९५८ ला भारतरत्न, आणि गेले १९६२ ला, म्हणजे शंभरी ओलांडून. 'समाजस्वास्थ्य' मासिक काढणारे र. धों. कर्वे त्यांचेच चिरंजीव, त्यातला धों म्हणजे धोंडो. बिठूरच्या नानासाहेब पेशव्यांनाही धोंडोपंत म्हणायचे. बायकांतही होतं, जयपूर घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी आठवा.

पुरणाचे_धोंडे: अधिक महिन्याचं पण खोटं नाही, त्याला धोंड्याचा महिना म्हणतातच, आमच्याकडे लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे करतात, कणकेच्या पारीत पुरण भरून उकडायचे आणि वर तुपाची धार. त्या महिन्यात झालेल्या मुलाला काही घरांत धोंडू म्हणतात. तुमच्या पणजोबांचं कुठलं ते असं बसल्या जागी कळणार नाही, जुनी पत्रिका असेल तर महिना बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की त्यांच्या आधीची भावंडं गेली होती का.

देवरुखचा_मामा: खूप आभार सगळ्यांचे! सासऱ्यांना लगेच फोन केला, ते म्हणाले पणजोबांच्या आधीचे दोघे भाऊ लहानपणीच गेले होते. बहीण हे ऐकून रडली आणि म्हणाली आता पाळण्यात धोंडोच. दाखल्यावर दुसरं नाव टाकायचा विचार आहे, शाळेत पोरं चिडवतील ही धास्ती आहेच.

माजघर: दाखल्यावर दुसरं टाका, काही बिघडत नाही. फक्त घरात सगळ्यांनी धोंडो म्हणूनच हाक मारा, नाहीतर पाळण्यातलं नाव बारशापुरतंच राहतं.