बाळाच्या कार सीटला सुती कव्हर शिवतेय, पट्ट्यांच्या फटी कशा करायच्या?

लेक सात महिन्यांची आहे. मामाने कार सीट घेऊन दिली, मागे तोंड करून बसवायची. सीट झकास, पण तिचं कव्हर काळं, जाड, पॉलिस्टरचं. नागपूरचा उन्हाळा सांगायला नको. दर पंधरा दिवसांनी अमरावतीला जातो, दीडशे किलोमीटर. एसी लावूनही कोंढाळी येईस्तोवर पोरीची पाठ ओलीचिंब. सासूबाईंचं सुरूच असतं, "काळं कापड कोन घेते उन्हाळ्यात? लेकराले मांडीवर घे न!" मांडीवर घेणार नाही, यावर नवरा आणि मी ठाम आहोत. २०१९ पासून कायद्यातही १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, हे त्याने आईला दोनदा ऐकवलंय. उपयोग शून्य.

म्हणून कव्हर शिवायला घेतलं. मूळ कव्हर काढून वर्तमानपत्रावर आखलं, जुन्या चादरीचं एक करून पाहिलं. छान बसलं! मग धुतलं आणि घोळ झाला. कापड आधी पाण्यातून काढलंच नव्हतं. ते आटलं, आणि खांद्याच्या फटी बोटभर सरकल्या. पट्टा फटीत तिरका होऊन काठावर घासायला लागला. फटीच्या कडेची सुतं सुटून पट्ट्याभोवती गुंडाळली, ती वेगळीच.

आता आजेसासूबाईंचं मऊ सुती लुगडं काढलंय, भिजवून वाळवून ठेवलंय. अडचणी अशा:

खांद्याला तीन उंचीवर फटींच्या जोड्या आहेत, शिवाय पायांमधल्या पट्ट्याची एक. माझं मशीन साधं, पायाने चालवायचं, काज होत नाही. हाताने काज केले तर टिकतील का? दुसरं, जाऊ म्हणते आत पातळ स्पंज घाल, पाठीला मऊ लागेल. घालू का?

प्रतिसाद १
काज नको. ब्लाऊजच्या गळ्याला अस्तर लावून उलटवतो ना, तसं करा. फटीच्या जागी सुलट बाजूवर कापडाचा तुकडा ठेवा, फटीभोवती लांबट चौकोनी टीप मारा, मधोमध कात्री चालवा, टोकांना कोपऱ्यापर्यंत तिरके काप द्या. टाका तुटायला नको. तुकडा फटीतून आत उलटवून वरून टीप मारा. एकही सूत दिसणार नाही. लांबी तुमच्याच पट्ट्यावर टेप लावून घ्या, वर अर्धा सेंटीमीटर पुरे.

प्रतिसाद २
फटीआधी स्पंजचं बोलते. अजिबात घालू नका. गाडीला जोराचा झटका बसला की स्पंज दबतो, आणि त्याच्यावरून घट्ट केलेला पट्टा ऐनवेळी सैल पडतो. बाळाच्या खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून पाहा, चिमटीत आला तर सैलच आहे. मागे तोंड असताना पट्टा खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित खालून यायला हवा, म्हणून फट बोटभर सरकणं ही साधी गोष्ट नाही. आणि सीटसोबतची पुस्तिका वाचलीत का? बऱ्याच कंपन्या स्वतःच्या कव्हरशिवाय दुसरं चालवून घेत नाहीत, कारण सीटची चाचणी त्याच कव्हरसकट झालेली असते.

धागाकर्ती
पुस्तिका खोक्यातच होती, प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं (लाज वाटली). स्पष्ट लिहिलंय, आमच्या कव्हरशिवाय दुसरं वापरू नका. म्हणजे माझे दोन रविवार गेले. प्रतिसाद १ची फट मात्र चिंधीवर करून पाहिली, पहिल्याच फटक्यात जमली. उशीच्या खोळीला नक्की वापरीन.

मग गरम सीटचं काय?

प्रतिसाद २
गाडी उन्हात उभी असताना रिकाम्या सीटवर पांढरं कापड टाका. निम्मा ताप तिथेच जातो. बाळाला बसवण्याआधी पाच मिनिटं दारं उघडून एसी सुरू करा आणि बकलचा धातू आपल्या हाताने चाचपून पाहा, तो चटका देतो. अंगात एकच पातळ सुती झबलं. वाटेत अर्ध्या-पाऊण तासाने थांबून पाठ पुसा, जरा मोकळं खेळू द्या.

धागाकर्ती
म्हणजे लुगडं वाया जात नाही! सीटभर बसेल असं झाकण शिवते, कडेने नेफा आणि इलास्टिक. बाळ बसताना काढून डिकीत. लुगड्याचा काठ किरमिजी आहे, तो वर ठेवू की कापून टाकू?

प्रतिसाद १
काठ कापायचा नाही हो! नेफा काठाचाच करा, तिथलं कापड दाट असतं, इलास्टिक ओढून फाटणार नाही. बाकीचं लुगडं जुनं आहे ना, मग दुहेरी घ्या. आणि इलास्टिक अर्धा इंची, जास्त ताणू नका.